सीटीच्या चित्रात परत परत येणारं वर्तुळ: कॅलिब्रेशनचं बटण दाबण्याआधी काय तपासायचं

कॅलिब्रेशन केलं की जाणारं आणि चार दिवसांनी परत येणारं वर्तुळ, एवढाच इथे विषय आहे. सीटी स्कॅनरच्या बाकीच्या तक्रारी कितीही असोत, माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार हीच. दर वेळी तिची सुरुवातही सारखीच असते: 'एअर कॅलिब्रेशन तीनदा करून झालं, तरी जात नाही.' एअर कॅलिब्रेशन म्हणजे मोकळ्या हवेत किरण सोडून डिटेक्टरची नोंद नव्याने घेणं. त्या तीनपैकी निदान दोन वेळा बटण दाबायची गरजच नव्हती, आणि एखाद्या वेळी त्यानेच गोंधळ वाढलेला असतो. तो कसा वाढतो ते पुढे येईलच.

लक्षणं

आधी नेमकं काय दिसतंय ते कागदावर उतरवा. 'रिंग येते' एवढं पुरत नाही. पुढच्यापैकी तुमचं कोणतं ते बघा:

- केसासारखं बारीक, धारदार, पूर्ण वर्तुळ. बहुतेकदा एकाच स्लाइसमध्ये किंवा ठरावीक अंतराने येणाऱ्या स्लाइसमध्ये.
- रुंद, मऊ कडांचा पट्टा. तोही गोलच, पण बोटाने पुसल्यासारखा. हा बहुधा सगळ्या स्लाइसमध्ये असतो.
- चित्राच्या मध्यावर ठिपका किंवा धुरकट डाग. मेंदूच्या स्कॅनमध्ये हा नेमका ब्रेनस्टेमच्या आसपास पडला तर खऱ्या विकारासारखा दिसू शकतो, म्हणून याला मी सगळ्यात जास्त घाबरते.
- अर्धवट कमान किंवा तुटक रेघा, दर वेळी गॅन्ट्रीच्या (ट्यूब आणि डिटेक्टर बसवलेल्या गोल चौकटीच्या) एकाच बाजूला.
- पाण्याच्या फँटममध्ये (तपासणीसाठी रुग्णाऐवजी ठेवायचं पाणी भरलेलं भांडं) मधला भाग कडेपेक्षा गडद, वाटीसारखा. यात वर्तुळ नसतं, पण बरेच जण यालाही रिंगच म्हणतात.
- सकाळी दिसतं, दुपारपर्यंत आपोआप जातं.
- एकाच केव्हीवर (ट्यूबच्या व्होल्टेजवर) दिसतं, किंवा फक्त डोक्याच्या प्रोटोकॉलमध्ये (ठरवून ठेवलेल्या सेटिंगमध्ये), किंवा फक्त जाड रुग्णांत.

सरळ रेघा आडव्यातिडव्या पसरत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्यांची कारणं वेगळी: रुग्णाची हालचाल, धातू, ट्यूबमध्ये होणारं आर्किंग (ठिणगी उडणं), स्लिप रिंगवरून (फिरत्या भागाला बाहेरच्या भागाशी जोडणाऱ्या कड्यावरून) डेटा येताना पडणारे खंड.

वर्तुळच का?

हे समजलं की पुढच्या निम्म्या तपासण्या तुम्हाला स्वतःच सुचतील, म्हणून इथे थोडं थांबते.

आजच्या यंत्रांत ट्यूब आणि डिटेक्टरची कमान समोरासमोर बांधलेल्या असतात आणि एकत्र फिरतात. कमानीवर एका ओळीत आठशे-नऊशेच्या घरात चॅनेल, म्हणजे किरण मोजणारे छोटे घटक असतात. त्यातल्या कोणत्याही एका चॅनेलपर्यंत पोचणारा किरण मध्यबिंदूपासून कायम तेवढ्याच अंतरावरून जातो, गॅन्ट्री कुठल्याही कोनात असो. त्यामुळे तो चॅनेल जरासा कमी बोलला तर चूक एका जागी न राहता पूर्ण फेरीत त्याच त्रिज्येवर साठत जाते, आणि वर्तुळ उमटतं. चॅनेलला सिग्नल कमी मिळाला तर यंत्राला वाटतं की वाटेत काहीतरी जास्त शोषणारं आहे, म्हणून वर्तुळ उजळ. जास्त मिळाला तर गडद.

गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्राला ही अडचण नव्हती. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. त्यात ट्यूब आणि डिटेक्टर डोक्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जायचे, मग थोडं वळून पुन्हा सरकायचे, त्यामुळे एकाच डिटेक्टरची चूक एकाच त्रिज्येला चिकटून राहत नसे. डोक्याभोवती पाण्याची पेटीही असायची, म्हणजे किरण मधून जावो की कडेने, त्याला जवळपास सारखीच जाडी ओलांडावी लागे. ती पेटी गेली, आणि वेगळ्या रीतीने तेच काम आता बो-टाय फिल्टर करतो.

ट्यूबमधून निघणाऱ्या झोतात सगळ्या ऊर्जांचे किरण मिसळलेले असतात. साधारण 30 केईव्हीच्या (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं एकक) खालचे शरीराच्या पलीकडे जवळजवळ पोचतच नाहीत. ते कातडीत आणि वरच्या थरांत जिरतात, चित्राला काही देत नाहीत, रुग्णाचा डोस तेवढा वाढवतात. म्हणून ट्यूबच्या तोंडाशीच ॲल्युमिनियम, तांबं, टायटॅनियम अशा धातूंचा सपाट फिल्टर असतो. काही यंत्रांत ठरावीक तपासण्यांसाठी कथिलाचाही असतो. त्याच्या जोडीला बो-टाय असतो: मध्ये पातळ, दोन्ही कडांना जाड. माणूस मध्ये जाड आणि कडेला पातळ, फिल्टर त्याच्या उलट, त्यामुळे दोन्ही मिळून डिटेक्टरवर पडणारा झोत बराचसा एकसारखा होतो. हा एकसारखेपणा किती मोलाचा आहे ते आकड्यांत बघा. 20 सेंमी पाण्यातून 120 केव्हीच्या झोताचा साधारण 2 टक्के भागच पलीकडे निघतो. जाडी 40 सेंमी झाली तर हजारातला एक भागसुद्धा उरत नाही. शेजारच्याच मोकळ्या हवेतून मात्र जवळपास सगळा झोत पोचतो. एवढी तफावत एकाच कमानीने एकाच क्षणी मोजायची असते.

डिटेक्टर स्वतः दोन थरांचा असतो. वर सिंटिलेटर, आजकाल बहुधा गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइडचं सिरॅमिक. क्ष-किरण पडला की त्यातून प्रकाश निघतो. खाली फोटोडायोड, तो प्रकाशाची वीज करतो, आणि लगेच इलेक्ट्रॉनिक्स त्या विजेचा आकडा करतं. नव्या फोटॉन-काउंटिंग यंत्रांत प्रकाशाची पायरीच गाळलेली असते, कॅडमियम टेल्युराइडमध्ये थेट वीज तयार होते. वर्तुळं मात्र त्यांनाही चुकलेली नाहीत. शेजारच्या दोन चॅनेलमध्ये हजारात एका भागाचा फरक राहिला तरी मध्याजवळ वर्तुळ दिसायला तेवढा पुरतो. कडेकडे तीच चूक मोठ्या परिघावर पसरते आणि फिकट पडते.

1. आधीचीच चित्रं नीट बघा

खर्च शून्य, रुग्णाला डोस शून्य. तरीही ही पायरी सर्रास गाळली जाते.

विंडो, म्हणजे चित्रात दाखवायच्या करड्या छटांचा पल्ला, अरुंद करा. पाण्याच्या चित्रावर रुंदी 100, मध्य 0. पोटाच्या रुंद विंडोत न दिसणारं वर्तुळ मेंदूच्या 80 रुंदीत उठून दिसतं, म्हणून 'कालपर्यंत नव्हतं' यावर लगेच विश्वास ठेवू नका. मागच्या दोन-तीन आठवड्यांचे मेंदूचे स्कॅन उघडा आणि वर्तुळ पहिल्यांदा कधी दिसलं ती तारीख शोधा. त्या दिवशी काय झालं होतं? वीज गेली होती? इंजेक्टरची नळी सुटली होती? कव्हर उघडून काही काम झालं होतं? तारीख सापडली की कारण बहुतेकदा हाताशी येतं.

मग वर्तुळाचा मध्य कुठे आहे ते बघा. तो गॅन्ट्रीच्या मध्यबिंदूवर, म्हणजे आयसोसेंटरवरच असायला हवा. रुग्ण जरा खाली किंवा बाजूला झोपलेला असेल तर वर्तुळ त्याच्या शरीराच्या मध्याशी जुळणार नाही, आणि ते यंत्राचंच असल्याचा हाच पुरावा. मध्य रुग्णाबरोबर सरकत असेल तर तुम्ही बघताय ती गोष्ट रुग्णात आहे, डिटेक्टरमध्ये नाही. रिकन्स्ट्रक्शनचा (मोजमापांतून चित्र बनवण्याचा) मध्य बाजूला घेतलेला असेल तर पूर्ण वर्तुळाऐवजी कमान दिसते, त्यानेही लोक फसतात. रॉ डेटा अजून साठवलेला असेल तर मोठ्या फील्डमध्ये, मध्य शून्यावर ठेवून पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करा.

त्रिज्याही मोजून ठेवा. मध्याजवळ एक चॅनेल आयसोसेंटरपाशी साधारण 0.6 मिमी जागा व्यापतो असं धरलं, तर 30 मिमी त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे मधल्या चॅनेलपासून पन्नासावा, डावीकडे किंवा उजवीकडे. तुमच्या यंत्राचा आकडा थोडा वेगळा असेल. पण हीच त्रिज्या इंजिनिअरला फोनवर सांगितलीत तर कोणत्या मॉड्यूलकडे (चॅनेलच्या गटाकडे) बघायचं ते त्याला निघण्याआधीच कळतं.

2. रुंदी काय सांगते

ही तपासणी म्हणजे चित्राकडे बघणंच, पण तिला वेगळी जागा दिली आहे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ हिनेच वाचवलाय.

बो-टाय फोकल स्पॉटच्या (ट्यूबमध्ये किरण जिथून निघतात त्या जागेच्या) अगदी जवळ असतो आणि डिटेक्टर दूर, साधारण मीटरभर. फिल्टरजवळच्या एखाद्या कणाची सावली डिटेक्टरवर पाच-सहा पट मोठी होऊन पडते. फोकल स्पॉट हा बिंदू नसून छोटा ठिपका असल्यामुळे त्या सावलीच्या कडा पुसट होतात. म्हणजे 1 मिमीचा कण पाच-सहा चॅनेलभर पसरतो आणि चित्रात रुंद, मऊ पट्टा दिसतो, तोही झाडून सगळ्या किंवा बऱ्याचशा ओळींत. उलट डिटेक्टरचा एकच घटक बिघडला तर वर्तुळ एका चॅनेलएवढं बारीक आणि फक्त त्याच्या ओळीत.

म्हणून: बारीक आणि धारदार असेल तर डिटेक्टरच्या बाजूला शोधा, रुंद आणि मऊ असेल तर ट्यूबच्या बाजूला. अपवाद आहेत. डिटेक्टरच्या कव्हरवर मोठा डाग असेल तर तोही रुंद पट्टा देतो. पण सुरुवात कुठून करायची ते ठरवायला एवढं पुरतं.

3. यंत्र तापलंय का, आणि खोली?

सकाळी दिसून दुपारी जाणारं वर्तुळ असेल तर इथेच थांबून नीट बघा.

सिंटिलेटरचा प्रकाश तापमानाप्रमाणे बदलतो, आणि फोटोडायोडमधला काळोखातला प्रवाह तापमान वाढेल तसा झपाट्याने वाढतो. म्हणून डिटेक्टर कायम एका ठरावीक तापमानावर ठेवलेला असतो आणि यंत्र रात्रीही पूर्ण बंद करायचं नसतं. वीज गेली किंवा कोणी 'बचत' म्हणून मेन स्विच बंद केला, तर परत चालू केल्यावर डिटेक्टर स्थिरावायला तास-दोन तास, काही यंत्रांत त्याहून जास्त लागतात. या मधल्या काळात केलेलं एअर कॅलिब्रेशन म्हणजे थंड डिटेक्टरची नोंद. दुपारी तो तापला की ती नोंद लागू पडत नाही. मग दुपारी वर्तुळ, मग पुन्हा कॅलिब्रेशन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

तपासायच्या गोष्टी साध्या आहेत. एसी नेमून दिलेल्या तापमानावर चालू आहे का, रात्री बंद होतो का. गॅन्ट्रीच्या हवा आत घेणाऱ्या जाळ्यांवर धूळ साचली आहे का. स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर डिटेक्टरचं तापमान दिसत असेल तर ते मर्यादेत आहे का. ट्यूबचा वॉर्म-अप पूर्ण झाला का, की घाईत मध्येच सोडला.

4. पुसा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वर्तुळं इथेच सुटतात.

संशयित एकच: कॉन्ट्रास्ट, म्हणजे रुग्णाला टोचतात ते आयोडीनचं द्रावण. 350 मिग्रॅ प्रति मिली आयोडीन असलेल्या द्रावणाचा 1 मिमी जाडीचा थेंब 60 केईव्हीच्या किरणांपैकी साधारण चौथा हिस्सा खातो. तो सुकून 0.1 मिमी द्रावणाएवढाच थर उरला तरी अडीच टक्क्यांच्या आसपास शोषण होतं. हजारात एका भागाच्या चुकीने वर्तुळ दिसतं हे वर सांगितलंच आहे. हा थर समोरून बघितलं तर दिसत नाही. खोलीतले दिवे कमी करा, टॉर्च बोअरच्या (रुग्ण आत जातो त्या पोकळीच्या) खिडकीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि दुसऱ्या बाजूने बघा. वार्निशचा ओघळ असावा तसा चिकट, चकाकणारा डाग दिसेल. ही खिडकी म्हणजे बोअरमधली मायलारची (पातळ प्लॅस्टिकची) पट्टी, ती पूर्ण गोल फिरून बघा, खालचा भाग विशेष, कारण सगळं ओघळून तिथेच येतं.

पुसताना मऊ, धागे न सुटणारं कापड कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. कॉन्ट्रास्ट पाण्यात विरघळतो, जोर लावावा लागत नाही. मायलार पातळ असते, दाबून घासू नका. फवारा थेट गॅन्ट्रीवर कधीही मारू नका, फटीतून पाणी आत गेलं तर वर्तुळापेक्षा मोठं संकट उभं राहतं. यंत्राच्या पुस्तिकेत साफसफाईचं द्रव्य नेमून दिलेलं असेल तर तेच वापरा.

आता एक बारकावा. मायलारची ही पट्टी फिरत नाही, ती कव्हरचा भाग आहे. तिच्यावरच्या डागाची सावली गॅन्ट्री फिरते तशी एका चॅनेलवरून दुसऱ्यावर सरकत जाते, म्हणून अशा डागाने सहसा पूर्ण वर्तुळ उमटत नाही. तुटक कमानी आणि रेघा उमटतात, त्याही एकाच बाजूला. पूर्ण वर्तुळ हवं तर डाग फिरणाऱ्या भागावर असायला हवा: ट्यूबच्या कोलिमेटरची (झोताची रुंदी ठरवणाऱ्या भागाची) खिडकी, फिल्टर किंवा डिटेक्टरचं कव्हर. तिथे तुमचा हात पोचत नाही आणि पोचायलाही नको.

एका केंद्रात हेच झालं होतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये फिकट वर्तुळ, त्रिज्या जेमतेम 20 मिमी, ब्रेनस्टेमला चाटून जाणारं. एअर कॅलिब्रेशन केलं की पाण्याच्या फँटममध्ये दिसेनासं व्हायचं, पण धिप्पाड रुग्ण आला की परत. महिनाभर हेच चाललं होतं. मी गेले तेव्हा मायलार स्वच्छ होती, मात्र तिच्या खालच्या जोडावरची चिकटपट्टी बोटभर सुटलेली होती. गॅन्ट्री उभी असताना तिथे ट्यूब वर आणि डिटेक्टर खाली असायचा. सर्व्हिस इंजिनिअरने नियमाप्रमाणे वीज तोडून कव्हर उघडलं, आणि डिटेक्टरच्या कव्हरवर तांदळाच्या दाण्याएवढा सुकलेला थेंब निघाला. तो पुसला, सगळं बंद केलं, फँटम लावला, आणि त्याच त्रिज्येवर वर्तुळ हजर. या वेळी ठळक गडद.

सगळ्यांचे चेहरे पडले, पण खरं तर ती चांगली बातमी होती. थेंब जागेवर असतानाच कॅलिब्रेशन केल्यामुळे यंत्राने 'हा चॅनेल जरा कमी बोलतो' अशी नोंद करून त्याला वाढवून दिलं होतं. थेंब गेल्यावर ती वाढ तशीच राहिली, म्हणून गडद वर्तुळ. एक ताजं एअर कॅलिब्रेशन झालं आणि विषय संपला.

मग आधी वर्तुळ फक्त जाड रुग्णांतच का दिसत होतं? आयोडीन कमी ऊर्जेचे किरण जास्त खातं, विशेषतः त्याच्या 33.2 केईव्हीच्या के-एजच्या (जिथे शोषण एकदम उसळतं त्या ऊर्जेच्या) जरा वरचे. एअर कॅलिब्रेशन होतं मोकळ्या हवेत, तेव्हा झोतात असे किरण भरपूर असतात. रुग्णातून येताना ते आधीच गळून जातात, झोत कडक होतो, आणि थेंब खातो त्यापेक्षा जास्त भरपाई यंत्र करून बसतं. रुग्ण जितका जाड तितकी ही गफलत मोठी. कॅलिब्रेशनने फिकट होतं पण पूर्ण जात नाही आणि जाड रुग्णात परत येतं, असं वर्तुळ दिसलं की झोताच्या वाटेत काहीतरी पडलंय असं समजा. बिघडलेला चॅनेल सहसा असा वागत नाही.

5. रुग्ण मध्यावर आहे का, प्रोटोकॉल योग्य आहे का

हे वाटीसारख्या गडदपणासाठी आणि एका बाजूला झुकलेल्या सावलीसाठी. बो-टाय असं धरून चालतो की शरीर बरोबर मध्ये आहे. टेबल पाच-सहा सेंमी खाली राहिलं तर शरीराच्या जाड भागासमोर फिल्टरचाही जाड भाग येतो. तिथे सिग्नल उपाशी राहतो आणि नॉइज वाढतो, तर उलट बाजूला नको तेवढा डोस पडतो. डोक्यासाठी पोटाचा प्रोटोकॉल वापरला तर बो-टायही चुकीचा निवडला जातो आणि झोत कडक होण्याची दुरुस्तीही दुसऱ्याच आकाराची लागते. लेझरच्या रेषा नीट लावा, फँटमसुद्धा त्यांवरच ठेवा. एवढंच.

6. पाण्याच्या फँटमवर छाननी

इथपर्यंत आलात म्हणजे आता क्ष-किरण सोडावे लागणार. फँटमवरच सोडा. वर्तुळ तपासण्यासाठी रुग्णाचा पुन्हा स्कॅन करू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

आधी फँटममध्ये हवेचा बुडबुडा नाही ना ते बघा. मग अक्षीय स्कॅन घ्या, हेलिकल नको. हेलिकलमध्ये टेबल सरकत असल्यामुळे एका ओळीची चूक कमानींत फुटते आणि माग लागत नाही. पूर्ण कोलिमेशन उघडून सगळ्यात पातळ स्लाइस काढा, म्हणजे डिटेक्टरची प्रत्येक ओळ वेगळी दिसेल. मग एका वेळी एकच गोष्ट बदला:

- केव्ही बदला. एकाच केव्हीवर वर्तुळ असेल तर त्या केव्हीची कॅलिब्रेशनची नोंद बिघडली असण्याची शक्यता मोठी.
- डोक्याचा आणि शरीराचा बो-टाय आळीपाळीने वापरा. एकाच फिल्टरवर दिसलं तर दोष त्या फिल्टरवर किंवा त्याच्या जागेवर बसण्यात. दोन्हीवर त्याच त्रिज्येला दिसलं तर फिल्टर सुटला, डिटेक्टर किंवा समान खिडकी उरली.
- फोकल स्पॉट लहान-मोठा करा. तो मोठा केल्यावर कडा आणखी पुसट झाल्या तर वस्तू ट्यूबच्या बाजूला आहे.
- तोच स्कॅन पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा घ्या. येतं-जातं, जागा बदलतं असं असेल तर सैल जोड, इलेक्ट्रॉनिक्स, किंवा ट्यूबच्या खिडकीपाशी थंड करणाऱ्या तेलात फिरणारा हवेचा बुडबुडा. यातलं काहीही तुमच्या हातचं नाही.

मध्यावर आणि बारा, तीन, सहा, नऊच्या जागी वर्तुळाकार क्षेत्रं आखून एचयू (हाऊन्सफील्ड युनिट, सीटीच्या चित्रातल्या उजळ-गडदपणाचं माप) नोंदवा. पाणी शून्याच्या आसपास यायला हवं, आणि मध्य व कड यांच्यातला फरक तुमच्या यंत्राला ठरवून दिलेल्या मर्यादेत. वर्तुळ नसताना मध्य सगळीकडून सारखाच खाली गेला असेल तर प्रश्न झोताच्या कडकपणाच्या दुरुस्तीचा किंवा फिल्टरचा आहे.

7. आता एअर कॅलिब्रेशन

डिटेक्टर स्थिर, ट्यूब वॉर्म-अप झालेली, खिडक्या स्वच्छ, बोअर पूर्ण रिकामा. टेबल बाहेर, हेडरेस्ट बाहेर, फँटमचा स्टँडही बाहेर. बोअरमध्ये काही राहिलं तर त्याची सावली नोंदीत जाते आणि पुढच्या प्रत्येक रुग्णातून वजा होत राहते.

कॅलिब्रेशन काय करतं हे समजून घ्या. मोकळ्या हवेत प्रत्येक चॅनेलला किती सिग्नल मिळाला ते प्रत्येक केव्ही आणि प्रत्येक फिल्टरसाठी लिहून ठेवतं, आणि पुढे रुग्णाचा आकडा त्याने भागतं. चॅनेलमधला कायमचा फरक यात निघून जातो. बदलत राहणारा फरक निघत नाही, आणि रुग्णामागे वेगळा वागणाराही निघत नाही.

आधीच्या आणि नंतरच्या फँटमच्या चित्रांवर तारीख-वेळ घालून जपून ठेवा. एकदा केल्यावर वर्तुळ गेलं आणि आठवडाभर आलं नाही तर झालं काम. दोन-तीन दिवसांत परत आलं तर दुसऱ्यांदा बटण दाबू नका. दर वेळी दाबाल तेव्हा मूळ खूण पुसाल, आणि इंजिनिअरला शोधायला काही उरणार नाही. सॉफ्टवेअरमधली रिंग करेक्शन वाढवून घेण्याची मागणीही या टप्प्यावर करू नका. ती चित्र गुळगुळीत करते, थेंब जागच्या जागीच राहतो.

इथे थांबा

गॅन्ट्रीचं कव्हर तुम्ही उघडायचं नाही. आत 140 केव्हीपर्यंतचं व्होल्टेज असतं, मेन बंद केल्यावरही काही भागांत चार्ज राहतो, आणि फिरणाऱ्या भागाचं वजन शेकडो किलो असतं. फिल्टरला हात लावणं तर त्याहून वाईट. तो एका बाजूला जरा सरकला किंवा परत बसलाच नाही तर चित्र कदाचित ठीक दिसेल, पण रुग्णाला मिळणारा डोस बदललेला असेल आणि कोणाला कळणारही नाही. फिल्टर किंवा कोलिमेटरला हात लागल्यावर डोस आणि झोताची हाफ-व्हॅल्यू लेयर (झोत निम्मा करायला लागणारी धातूची जाडी) पुन्हा मोजूनच यंत्र रुग्णासाठी द्यायचं असतं, आणि ते काम मेडिकल फिजिसिस्टचं.

सर्व्हिस इंजिनिअरला लगेच बोलवा जर: स्वच्छ करून आणि एक नीट कॅलिब्रेशन करूनही वर्तुळ दोन-तीन दिवसांत परत आलं; एका ओळीत, एका त्रिज्येला, सगळ्या केव्ही आणि फिल्टरवर कायम दिसलं; शेजारशेजारच्या अनेक चॅनेलचा पट्टा एकदम गेला, म्हणजे बहुधा पूर्ण मॉड्यूल; कॅलिब्रेशनच नापास होतंय; वर्तुळ येतं-जातं; किंवा मायलार फाटलेली, जोड उघडा, आत द्रव गेल्याचा संशय आहे. शेवटच्या बाबतीत इंजिनिअर येईपर्यंत यंत्र चालवूच नका.

आणि रेडिओलॉजिस्टना ताबडतोब सांगा. वर्तुळ मेंदूच्या मध्यभागात असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत मेंदूचे स्कॅन या यंत्रावर करायचे की दुसरीकडे पाठवायचे, हा निर्णय त्यांचा आहे. त्यांना तो घेता यावा म्हणून वर्तुळाची त्रिज्या आणि एचयूमधला फरक आकड्यांत द्या. 'थोडंसं दिसतंय' असं सांगू नका.

इंजिनिअर आल्यावर त्याच्या हातात एक कागद द्या: पहिल्यांदा दिसल्याची तारीख, त्रिज्या मिमीमध्ये, उजळ की गडद, बारीक की रुंद, कोणत्या ओळी, कोणते केव्ही, कोणता फिल्टर, डिटेक्टरचं तापमान, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं. मॉड्यूल बिघडलंय असं ठरलं तर तो कधी कधी ते मधून काढून कडेला लावेल आणि कडेचं मध्ये घेईल. वर्तुळ त्या मॉड्यूलबरोबर नव्या त्रिज्येवर गेलं तर दोष मॉड्यूलमध्येच, जुन्या जागीच राहिलं तर मागच्या बोर्डात किंवा जोडात. त्यानंतर सगळ्या केव्ही आणि सगळ्या फिल्टरचं कॅलिब्रेशन नव्याने करावं लागतं, त्याला बराच वेळ जातो. तो वेळ त्याला पूर्ण द्या, आणि निघण्याआधी धिप्पाड माणसाएवढा मोठा फँटम लावून एक स्कॅन त्याच्यासमोरच घ्या. लहान फँटममध्ये लपलेलं वर्तुळ तिथे दिसतं.